माया आणि अ‍ॅझ्टेक एकाच दावणीला का?

महोदय,

रविवार पुरवणीत मध्य अमेरिकेतील माया आणि मेक्सिकोतील अ‍ॅझ्टेक यांच्यावर आलेला लेख वाचला. छायाचित्रे उत्तम आहेत. पण ‘या दोन्ही संस्कृती अचानक लयाला गेल्या’ हे विधान दोघांच्याही बाबतीत चूक आहे, आणि ते चूक असण्याचे कारण प्रत्येकाच्या बाबतीत वेगळे आहे.

मायांचे एकछत्री साम्राज्य कधीच नव्हते. तिकाल, कालाकमुल, पालेंके, कोपान अशी अनेक नगरराज्ये एकमेकांशी भांडत, सोयरिकी करत नांदत होती. प्रत्येकाचा राजा देवांशी नाते सांगणारा. एक काटून, म्हणजे ७२०० दिवस, पूर्ण झाला की राजा तारीख कोरलेला शिलास्तंभ उभारी. या तारखाच एकेका नगरात बंद पडत जातात: पालेंके ७९९, कोपान ८२२, तिकाल ८६९ आणि सर्वांत शेवटी तोनिना ९०९. ‘अचानक’ घडलेल्या या गोष्टीला शंभरावर वर्षे लागली.

कोपानची राजसत्ता तर आधीपासूनच कुरतडली जाताना दिसते. ७३८ मध्ये किरिग्वा या मांडलिक नगराच्या राजाने आपल्याच धन्याला, कोपानच्या राजाला, पकडून त्याचा शिरच्छेद केला. नंतर काही वर्षांतच कोपानमध्ये भिंतींवर चटईची (हे तिथे सत्तेचे चिन्ह) नक्षी असलेली इमारत उभी राहिली. ती सरदारांच्या सभेची जागा असावी, असे बरेच अभ्यासक मानतात. पुढे दरबारी घराणीही आपल्या वाड्यातल्या दगडी बैठकींवर लेख कोरून घेऊ लागली. राजा होता, पण त्याला आता वाटेकरी होते. ७७६ च्या ‘क्यू’ या दगडी वेदीवर चारही बाजूंना चार-चार असे कोपानचे सोळा राजे ओळीने कोरलेले आहेत. तिचीच नक्कल करू पाहणाऱ्या ८२२ च्या ‘एल’ वेदीची एकच बाजू पूर्ण आहे. दुसरीचे काम जेमतेम सुरू झालेले, उरलेल्या दोन कोऱ्या. मजकूर सांगणारा दरबारच उरला नसावा.

लेखात सगळे खापर दुष्काळावर फोडले आहे. युकातान द्वीपकल्पातल्या चिचानकानाब सरोवराच्या गाळात नवव्या शतकातल्या अवर्षणाच्या खुणा आहेत, हे खरे. पण युकातानचा उत्तर भाग मुळातच कोरडा. तरी तिथे चिचेन इत्सा हे नगर याच काळात भरभराटीला आले आणि जास्त पावसाची दक्षिणेकडची नगरे आधी ओस पडली. उत्तरेत भूजलाच्या नैसर्गिक विहिरी होत्या, हा मुद्दा आहेच. पण देवाकडून पाऊस आणण्याचा दावा करणाऱ्या राजाची पत अवर्षणात जाते, हा मुद्दा त्याहून मोठा आहे. संपली ती राजेशाही. माणसे इतरत्र गेली, वस्त्या बदलल्या. पेतेन सरोवरातले नोहपेतेन हे माया राज्य तर स्पॅनिशांच्या हाती पडले थेट १६९७ मध्ये. आजही ग्वाटेमाला आणि मेक्सिकोत लाखो लोक माया भाषा बोलतात.

अ‍ॅझ्टेकांची गोष्ट निराळी. तिथे सत्ता उभारली गेली तीच उशिरा. १४२८ मध्ये अ‍ॅझ्टेक राजधानी तेनोच्तित्लानचा राजा इत्स्कोआत्ल याने शेजारच्या तेश्कोको नगराच्या साथीने तोवर वरचढ असलेल्या आस्कापोत्साल्को नगराचा पाडाव केला. त्लाकोपान या तिसऱ्या नगराला धरून झालेल्या युतीत खंडणीचे पाच भाग पडत: तेनोच्तित्लान आणि तेश्कोकोला दोन-दोन, त्लाकोपानला एक. जुन्या चित्रपोथ्या इत्स्कोआत्लनेच जाळल्याचे नाहुआ (नाहुआत्ल भाषा बोलणाऱ्या अ‍ॅझ्टेकादी लोकांची) परंपरा सांगते. नव्या सत्तेला नवा भूतकाळ हवा होता.

जिंकलेल्या गावाचा राजा बहुधा गादीवरच राही. व्यवस्था आपल्या चौथाईच्या जातीची: कारभार तुमचा, वसुली आमची. दूरच्या शोकोनोच्को प्रांताच्या नावावर कोकोच्या बियांची २०० ओझी आणि जग्वारची ४० कातडी अशी नोंद आहे. एका ओझ्यात २४,००० बिया, म्हणजे एकूण ४८ लाख. कायमच्या छावण्या मोजक्याच, त्यामुळे खर्च कमी. पण तेनोच्तित्लानचा राजा मेला की मांडलिक हात आखडता घेत आणि नव्या राजाला पुन्हा मोहीम काढावी लागे. त्लाश्काला हे शत्रूराज्य तर चहूबाजूंनी वेढले जाऊनही अजिंक्य राहिले. १५१९ मध्ये स्पॅनिश सेनानी कोर्तेस आला तेव्हा त्याच्याकडे काहीशे स्पॅनिश होते; लढायला हजारोंच्या संख्येने उतरले ते त्लाश्कालाचे लोक. १५२० मध्ये देवीची साथ आली, नवा राजा कुइत्लाहुआक तिच्यात दगावला आणि १३ ऑगस्ट १५२१ रोजी राजधानी पडली. राजधानी पडली तरी गावे राहिली. त्यांचे नाहुआ सरदार स्पॅनिशांच्या हाताखाली कारभार पाहू लागले आणि रोमन लिपीत नाहुआत्ल मृत्युपत्रे व जमिनीचे कागद पुढेही दोन शतके लिहिले जात होते.

लेखासोबतच्या नकाशात मध्य मेक्सिको एकाच रंगात रंगवला आहे. पुन्हा छापताना त्लाश्काला आणि पश्चिमेचे तारास्कन राज्य वेगळे दाखवावे, आणि माया नगरांपुढे त्यांच्या शेवटच्या शिलालेखाचे वर्ष द्यावे.

– मध्य अमेरिकेच्या इतिहासाचा एक अभ्यासक, पुणे