भाड्याच्या घरातील अग्निसुरक्षेबाबत सूचना

मंडळाच्या ज्या सभासदांची बिऱ्हाडे वडोदऱ्यात दांडिया बाजार, रावपुरा किंवा वाडी भागातील लाकडी जिन्याच्या जुन्या घरांत आहेत, त्यांनी पुढील बाबींकडे कृपया आजच लक्ष द्यावे.

गेल्या आठवड्यात एका सभासदाच्या ओट्याखालची गॅसची नारिंगी नळी आम्ही वाकवून पाहिली, तेव्हा शेगडीकडच्या टोकाला बारीक भेगा दिसल्या आणि नळीवर छापलेली मुदतही केव्हाच उलटून गेली होती. नळी घरमालकाने बदलायची की भाडेकरूने, हा प्रश्न नंतर सोडवता येईल. आधी ती बदलावी. सिलिंडरमधला स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, म्हणून वास येताच विजेचे कोणतेही बटण चालू अथवा बंद न करता रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि घराबाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे.

गीझर एक्स्टेंशन बोर्डावर चालवू नये. त्यास १६ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट लागतो. फ्यूज वारंवार जात असल्यास जाड तार घालून वेळ मारून नेण्याऐवजी घरमालकास लेखी कळवावे आणि त्या पत्राची प्रत स्वतःजवळ ठेवावी.

आम्हांस सर्वाधिक काळजी जिन्याची वाटते. बहुतेक घरांत खाली उतरण्याचा तोच एक मार्ग आहे आणि त्याच्याच तोंडाशी रात्रभर इलेक्ट्रिक स्कूटर चार्जिंगला लावलेली असते. ती तेथून आजच हलवावी.

आग लागल्यास सामान न आवरता बाहेर पडून १०१ किंवा ११२ वर फोन करावा.