फॉर्मवरची ती एक खूण

महोदय,

वैमानिकांनी जुनी आजारपणं नियामकाला, म्हणजे परवाना देणाऱ्या सरकारी यंत्रणेला, कळवावीत का, यावर आपल्याकडे आलेली पत्रं वाचली. 'लपवण्यासारखं काही नसेल तर भ्यायचं कशाला?' असं एका वाचकाने विचारलंय. ते आमच्या घरी महिनाभर राहिले असते तर त्यांनी हे विचारलं नसतं. माझे यजमान 31 वर्षं प्रवासी विमानं चालवून निवृत्त झाले.

धाकटे दीर अचानक गेले आणि यांची झोप उडाली. पहाटे तीनला उठून स्वयंपाकघरात दिवा न लावता बसायचे. मानसोपचारतज्ज्ञाकडे गेलो, पण केसपेपर माझ्या नावाने काढला. फी रोख दिली, पावती घेतली नाही. चिठ्ठीवर नाव माझं, गोळ्या घ्यायचे हे. महिनाभराच्या रजेचं कारण लिहिलं पाठदुखी. पुढे गोळ्या चालू असतानाच कामावर रुजू झाले. त्या दिवसांत विमान उतरल्याचा फोन येईपर्यंत मी जेवत नसे.

मग परवान्यासाठीचं मेडिकल आलं. फॉर्मवर प्रश्न होता, 'मानसिक आजारासाठी कधी उपचार घेतले आहेत का?' यांनी पेन हातात घेऊन माझ्याकडे पाहिलं. मी गप्प बसले. खरं सांगते, माझ्या डोळ्यांसमोर तेव्हा प्रवासी नव्हते, घराचा हप्ता होता. 'नाही'वर खूण झाली.

हे खोटं एकदा लिहून भागत नाही. मेडिकल दरवर्षी असतं, वय वाढलं की सहा महिन्यांनी. यंदा खरं लिहावं तर मागचं खोटं उघडं पडणार. म्हणून हे जुन्या फॉर्मच्या झेरॉक्स फायलीला लावून ठेवायचे आणि नवा भरताना समोर घेऊन उत्तरं जुळवायचे. वजन बदललं, चष्म्याचा नंबर बदलला, ती खूण निवृत्तीपर्यंत जागची हलली नाही. काही विपरीत घडलं नाही, हे आमचं नशीब.

म्हणून माझं मत विचाराल तर कळवलंच पाहिजे, बरं झालेलं दुखणंसुद्धा. उलटलेलं दुखणं ओळखायला पहिलं कुठेतरी कागदावर असावं लागतं. पण तेवढ्याने भागत नाही. 24 मार्च 2015 रोजी जर्मनविंग्ज या जर्मन कंपनीचं विमान सहवैमानिकाने फ्रान्सच्या आल्प्समध्ये मुद्दाम पाडलं, 150 माणसं गेली. त्याचं काही वर्षांपूर्वीचं नैराश्य नियामकाला ठाऊक होतं, तशी नोंदही होती. लपलं ते नव्याने उलटलेलं. दोनच आठवडे आधी एका डॉक्टरने त्याला मनोरुग्णालयात उपचार घ्यायला सुचवलं होतं. ते कंपनीला कळलं नाही, नियामकालाही नाही. परवाना गेला तर कमाई जाणार, डोक्यावर प्रशिक्षणाचं कर्ज, ही भीतीही फ्रेंच चौकशी अहवालात आली आहे.

ती भीती मी रोज पाहिली आहे. ती तशीच ठेवून नुसती शिक्षा वाढवली तर झेरॉक्सच्या फायली तेवढ्या जाड होतील. 2010 साली अमेरिकेच्या नियामकाने नैराश्यावरच्या चार औषधांना अटींसह परवानगी दिली. शिवाय ज्यांनी आधी लपवलं होतं त्यांना सहा महिन्यांची मुदत दिली, त्यात खरं सांगणाऱ्यावर आपण कारवाई करणार नाही म्हणून. अशी मुदत सगळीकडे मिळायला हवी, आणि उड्डाणं थांबवून जमिनीवर बसवलेल्याचा पगार बरा होईपर्यंत चालू राहायला हवा. यांना तशी मुदत मिळती तर यांनी खरं सांगितलं असतं का? छातीठोक नाही सांगता येत. मी मागे लागले असते, एवढं नक्की.

आमचा मुलगाही आता याच व्यवसायात आहे. गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. मेडिकलचा फॉर्म भरत होता. "आई, घरात कुणाला मानसिक आजार होता का, असं विचारलंय. नाही लिहितो." मी म्हटलं, "थांब. बाबांना होता." पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग त्याने विचारलं, "कुठल्या साली?" साल सांगायला मला ती फाईल काढावी लागली.

आपली,
एका निवृत्त वैमानिकाची पत्नी
(नाव छापू नये, ही विनंती)