नादारीसाठी मोजायचं उत्पन्न नेमकं कोणतं?

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

मायक्रोफायनान्सच्या हप्त्यांबद्दल आपल्या सदरात बरीच पत्रं येऊन गेली. बहुतेकांचा सूर 'कर्ज काढलंच कशाला' नाहीतर 'दिलंच कशाला' असा होता. मला पुढचं विचारायचंय. ज्याला फेडणं खरोखरच जमणार नाही, त्यानं नादारी मागायची ठरवली तर त्याचं उत्पन्न मोजायचं कसं?

'नादारी' हा शब्द माझ्या वयाच्या लोकांना शाळेमुळं माहीत. बापाच्या उत्पन्नाचा दाखला जोडला की फी माफ व्हायची. कुणाला पूर्ण नादारी, कुणाला अर्धी. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेतही गरीब कर्जदारासाठी अशीच एक पूर्ण नादारी लिहून ठेवलेली आहे. कर्जातून सुटून नव्यानं सुरुवात करायची, अशी ती कल्पना. वर्षाचं ढोबळ (इंग्रजीत 'ग्रॉस') उत्पन्न ६०,००० रुपयांच्या आत, मालमत्ता २०,००० च्या आत, माफीला पात्र कर्ज ३५,००० च्या आत, आणि नावावर घर नको, मग ते गहाण पडलेलं का असेना. तारण देऊन काढलेलं कर्ज यात बसत नाही, म्हणजे सोनेतारण बाहेर. शिक्षणासाठीचं कर्ज बाहेर. अर्जाआधीच्या तीन महिन्यांत काढलेलंही बाहेर.

आकडे वाचायला सोपे वाटतात. घोळ 'ढोबळ उत्पन्न' या दोन शब्दांत आहे.

मी करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेत सत्तावीस वर्षं सचिव होतो. निवृत्त झालो तरी गावातल्या बायका अजून कागद घेऊन येतात. मागच्या महिन्यात एक जण आली. दोन म्हशी, संस्थेत खातं तिच्या नावावर, घर सासऱ्यांच्या नावावर. नवरा मिळेल त्या कामाला जातो. बायकांच्या गटातून, एकमेकींच्या हमीवर काढलेल्या मायक्रोफायनान्सच्या कर्जाचे तीस हजार राहिलेले, हप्ते चार महिने थकलेले. वसुलीवाला येतो ते एक, पण गटातल्या चौघीजणीही दारात येऊन बसतात. तिला त्यांचीच जास्त लाज. 'काका, ह्यातनं सुटायचा काय कायदा हाय का?' म्हणून तिनं पिशवी माझ्यापुढं पालथी केली. पिशवीत वर्षाची दूध बिलं.

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो, दुधाचं बिल दर दहा दिवसांनी निघतं. तिचं एक बिल समोर आहे. दूध ८२ लिटर, रक्कम ४,१८२ रुपये. खाली कपात. पशुखाद्य दोन पोती ३,०००, ॲडव्हान्सचा हप्ता ५००. हातात ६८२. वैरण आणि डॉक्टर अजून पुढंच. म्हैस आटली की बिलही आटतं. आम्ही दोघांनी बसून कॅलेंडरच्या पाठीमागं वर्षाची बेरीज केली. दुधाची रक्कम १,०६,०००. पशुखाद्य ७५,०००. राहिले ३१,०००. शिवाय साठ दिवस भांगलणीला गेली, तीनशे रुपये रोजानं, त्याचे १८,०००. लाडकी बहीणचे महिन्याला दीड हजार, म्हणजे आणखी १८,०००.

आता तिचं उत्पन्न सांगा. बिलावरची रक्कम धरली तर नुसत्या दुधावरच ती साठ हजारांच्या कितीतरी वर जाते. पशुखाद्य वजा करून मजुरी मिळवली तर ४९,०००, म्हणजे पात्र. त्यात लाडकी बहीण मिळवली की ६७,०००, पुन्हा अपात्र. बाई तीच, म्हशी त्याच. सरकारनं एका हातानं दिलेले पैसे दुसऱ्या हातानं मोजले तर नादारी हुकते. संहितेच्या या भागात 'ढोबळ वार्षिक उत्पन्ना'ची व्याख्या कुठं दिलेली नाही. वर्ष कुठलं, एप्रिल ते मार्च की अर्जाआधीचे बारा महिने, तेही नाही. आमच्याकडं दिवाळीला दरफरक, म्हणजे वर्षभराच्या दुधावरची वाढीव रक्कम, येतो. बारा महिने कुठून कुठपर्यंत धरायचे यावर तो दोनदा येऊ शकतो.

एकाच देशात 'उत्पन्न' म्हणजे काय याची किती उत्तरं असावीत? शेतीचं उत्पन्न आयकराला करमुक्त. आर्थिक दुर्बल घटकाच्या दाखल्याला मात्र तेच शेतीचं उत्पन्न आठ लाखांच्या मर्यादेत धरतात. ओबीसींच्या क्रीमीलेयरच्या उत्पन्नाच्या कसोटीत पगार आणि शेती दोन्ही बाजूला ठेवतात. या प्रत्येक ठिकाणी निदान काय धरायचं आणि काय नाही हे लिहून तरी ठेवलंय.

मला सर्वांत जास्त खटकतं ते कर्ज देतानाचं मोजमाप. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणं मायक्रोफायनान्सचं कर्ज ३ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबाला देता येतं, आणि सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. म्हणजे देताना सगळं घर मोजलं. नवऱ्याची मजुरी धरली, दुधाची रक्कम कपातीआधीची धरली, आणि फॉर्मवर २,४०,००० चा आकडा टाकला. तिनं अंगठा नाही, सही केली, पण आकडा वाचला नाही. नादारीच्या पात्रतेला मर्यादा एकट्या कर्जदाराच्या उत्पन्नाची; अर्जासोबत मात्र नवरा, अवलंबून असलेली मुलं आणि आईवडील यांचीही दोन वर्षांची आर्थिक माहिती द्यायची. ती माहिती कशासाठी? घरच्यांचा पैसा तिच्यात मिसळण्यासाठी असेल तर तसं सांगावं.

म्हशींचं आणखी वेगळंच. वीस हजारांच्या मालमत्तेतून धंद्याला लागणारी 'अवजारं, पुस्तकं, वाहनं आणि इतर साधनं' वगळली आहेत, ती गहाण नसतील तर. म्हैस हे साधन झालं का? इंग्रजांच्या वेळच्या दिवाणी प्रक्रिया संहितेत शेतकऱ्याची पोटापुरती गुरं आणि बियाणं जप्तीतून सोडायचं स्पष्ट लिहिलंय. १९०८ साली ज्यांना गोठा दिसला, त्यांच्यानंतर शंभर वर्षांनी लिहिणाऱ्यांना तो दिसू नये याचं नवल वाटतं.

अमेरिकेत २००५ च्या दुरुस्तीनंतर दिवाळखोरीच्या अर्जाला उत्पन्नाची कसोटी आली. तीही कटकटीचीच आहे. पण अर्जाआधीच्या सहा पूर्ण महिन्यांची सरासरी धरायची, ती त्या राज्यातल्या तेवढ्याच माणसांच्या कुटुंबाच्या मध्यम उत्पन्नाशी ताडायची, सोशल सिक्युरिटीचे, म्हणजे तिथल्या सरकारी पेन्शनचे, पैसे धरायचे नाहीत, घरखर्चाला दुसरं कुणी नियमित पैसे देत असेल तर ते धरायचे, असं सगळं नेमकं ठरलेलं. स्वतःचा धंदा असेल तर फॉर्मवरच तीन ओळी : एकूण जमा, वजा धंद्याचा खर्च, बाकी. आमच्या संस्थेच्या बिलावर याच तीन ओळी कित्येक वर्षं छापून येतात.

एवढं सगळं मी तिला समजावलं आणि मग सांगावं लागलं की ही नादारी अजून सुरूच झालेली नाही. संहितेचा व्यक्तींसाठीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू आहे तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना. दूधवाल्या बाईला आजही १९२० चा प्रांतिक नादारी कायदाच. माझा पुतण्या वकील आहे, त्यानं तो काढून दाखवला. अर्ज कसबा बावड्याच्या जिल्हा न्यायालयात. कर्ज निदान पाचशे रुपयांचं हवं, ही अट शंभर वर्षांत हललेली नाही. गंमत म्हणजे आत शिरताना हा कायदा उत्पन्नाची मर्यादा विचारतच नाही. फेडता येत नाही हे दाखवा आणि जे आहे ते कोर्टाच्या हवाली करा, एवढंच. उत्पन्नाचा विषय निघतो तो सुटका देताना, कारण पुढच्या कमाईवर कोर्ट अटी घालू शकतं. आणि मालमत्तेतून बिनतारणी देण्याच्या रुपयामागं आठ आणेही निघत नसतील, तर तो आपला दोष नाही हे कर्जदारानं पटवून दिल्याशिवाय विनाअट सुटका नाही. आठ आणे! पुतण्यानं हे वाचलं तेव्हा ती बाई हसली. त्या दिवशी पहिल्यांदाच.

माझं म्हणणं एवढंच, की संहितेचा हा भाग सगळ्यांना लागू करण्याआधी केंद्रानं 'ढोबळ' शब्दाची जागा साफ करावी. जनावरांचं खाद्य, हातगाडीवरचा माल, कारागिराचा कच्चा माल यांचा खर्च वजा जाऊन जे उरेल तेच उत्पन्न धरावं. लाडकी बहीण, निराधार, पीएम किसान यांचे पैसे धरू नयेत. बारा महिने कोणते ते लिहावं. साठ हजार म्हणजे महिन्याला पाच हजार. हा आकडा २०१६ चा आहे, तोही बघावा. आपल्या खासदारांनी हे दिल्लीत विचारावं. मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचसाठी सहा जिल्ह्यांतले वकील वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ते कोल्हापुरात आलं; त्यांच्या संघटनांनी या प्रश्नातही लक्ष घातलं तर बरं होईल.

कॅलेंडरचा तो कागद ती घेऊन गेली आहे. त्यावर १,०६,०००, ४९,००० आणि ६७,००० असे तीन आकडे आहेत. खालची सहीची जागा मी मोकळी ठेवली आहे.

आपला,
एक निवृत्त दूध संस्था सचिव
ता. करवीर, जि. कोल्हापूर
(नाव छापू नये, ही विनंती.)