पंचवटीची गोष्ट पंचवटीत नाचू द्या

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य.

महोदय, सप्रेम नमस्कार.

मी पंचवटीत गेली बावीस वर्षं कथक शिकवते. माझ्या वर्गातल्या मुलींना मी एक चाल शिकवते, जी कथकमधली नाही. मनगट वर ओढलेलं, कोपर सैल, मान आधी वळते आणि खांदा मागून येतो. पाऊल टाकायचं ते वरून कुणी दोरी खेचल्यासारखं, टाच टेकायच्या आत उचलायचं. नवीन मुलगी आली की चार दिवस तिचं कोपर ताठच राहतं. मी खालून हाताचा आधार देते, हळूच काढून घेते, आणि एका दिवशी तो हात खरंच दोरीला टांगल्यासारखा लोंबतो.

ही चाल मला माझ्या गुरूंनी दाखवली. त्यांनी तरुणपणी नृत्यदिग्दर्शक शांती बर्धन यांचं ‘रामायण’ बॅले, म्हणजे नृत्यनाट्य, पाहिलं होतं आणि आठवत होतं तेवढं अंगातून काढून दाखवलं. त्या अख्ख्या बॅलेतलं माझ्यापर्यंत पोचलं ते एवढंच.

शांती बर्धन मूळचे बंगालच्या कोमिल्लाचे. अल्मोड्याला नर्तक उदय शंकर यांच्या नृत्यकेंद्रात ते होते. नंतर इप्टाच्या, म्हणजे भारतीय जननाट्य संघाच्या, पथकासोबत मुंबईत आले आणि अंधेरीत राहून त्यांनी ‘अमर भारत’ हे बॅले बसवलं. त्याला संगीत रवि शंकर यांचं होतं. 1952 साली त्यांनी मुंबईतच लिटल बॅले ट्रूप सुरू केला. तेव्हा क्षयाने त्यांना पोखरलं होतं. अशा माणसाने रामायण बसवलं ते कळसूत्री बाहुल्यांचं! नर्तकांनीच बाहुल्या व्हायचं, चेहऱ्यावर मुखवटा, म्हणजे डोळे-भुवया, हसणं-रडणं सगळं बाद. सीतेचं दुःखसुद्धा मानेतून आणि मनगटातूनच दिसलं पाहिजे. अभिनय म्हटलं की आम्ही चेहऱ्यापासून सुरुवात करतो. मला तर इतकं धाडस कधीच झालं नसतं.

1954 साली ते गेले. ट्रूप मोडला नाही, कारण त्यांच्या पत्नी गुल बर्धन आणि सहकारी प्रभात गांगुली यांनी तो अंगावर घेतला. पण 1960च्या दशकात ही मंडळी मुंबई सोडून ग्वाल्हेरला गेली, पुढे भोपाळला स्थिरावली. मध्य प्रदेशाने त्यांना आपलं म्हटलं. गुलबाईंना 2010 साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी त्या गेल्या. मुंबईत जन्मलेली ही कलाकृती आज भोपाळची म्हणून ओळखली जाते. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कविता छापून ठेवता येते, नाच तसा राहत नाही. ज्याच्या अंगात तो आहे त्याने दुसऱ्याच्या अंगात घातला तरच टिकतो. चित्रफितीवरून पाऊल कळतं, वजन कुठे टाकायचं ते कळत नाही.

म्हणून माझी मागणी. 2027च्या सिंहस्थासाठी नाशिकमध्ये रस्ते, घाट, पूल यांची कामं चालली आहेत. त्यातलाच थोडा खर्च हा नाच टिकवण्यासाठी काढा. भोपाळच्या ट्रूपला केवळ एका प्रयोगासाठी बोलावू नका. हार-तुरे होतील, फोटो निघतील, दुसऱ्या दिवशी मंडळी गाडीत बसतील. त्यांच्यातल्या जुन्या नर्तकांना तीन-चार महिने इथे राहू द्या आणि इथल्या मुलामुलींना हे रामायण शिकवू द्या. सीताहरण जिथे झालं असं आपण मानतो, त्या पंचवटीत ते नाशिकच्या मुलांनी नाचावं.

आणि त्यात पेठ-सुरगाण्याकडचे बोहाड्याचे कलावंत असलेच पाहिजेत. तिथे रात्री संबळ वाजायला लागला की मुखवटे बांधून देवांची, राक्षसांची सोंगं पुढे-मागे नाचत येतात. मुखवट्याआडून मानेने कसं बोलायचं, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. त्यांना स्वागताच्या मिरवणुकीत नाचवून परत पाठवू नका. शिकवणाऱ्यांच्या रांगेत बसवा, मानधनही तेवढंच द्या.

आणखी एक गोष्ट, मागायला साधी आहे. सरावासाठी एक लाकडी जमिनीची खोली द्या. आम्ही भाड्याच्या हॉलमध्ये फरशीवर नाचतो. लग्नाची तारीख निघाली की आमचा तास रद्द होतो, त्याची आता सवय झाली आहे. पण चौदा वर्षांच्या मुली गुडघ्याला पट्टा बांधून येतात, ते बघवत नाही. रंगमंच नको, दिवेही नकोत. लाकडाची जमीन आणि भिंतीला आरसा, एवढं पुरे.

आमचा वर्ग रविवारी सकाळी आठला भरतो. आपण सिंहस्थाच्या कामासाठी नाशिकला येताच. एकदा अर्धा तास काढून या. मुली ती चाल आपल्याला करून दाखवतील.

आपली,
नाशिकची एक नृत्यशिक्षिका