दाबकपात आणि हिवाळ्यातील वायुपुरवठा

महोदय,

कॅलिफोर्नियातील सॅन ब्रुनो येथे ९ सप्टेंबर २०१० रोजी १९५६ साली टाकलेली नैसर्गिक वायूची वाहिनी सदोष सांध्यामुळे फुटून आठ जण मृत्युमुखी पडले आणि वायूचा प्रवाह थांबवण्यास तब्बल ९५ मिनिटे लागली. त्यानंतर राज्याच्या नियामक आयोगाने वाहिनीतील दाब २० टक्क्यांनी उतरवण्याचा आदेश दिला, तो योग्यच होता. मात्र दाब उतरला की वहनक्षमताही घटते आणि घरोघरी हीटर एकाच वेळी सुरू होणाऱ्या थंडीच्या पहाटे ही तूट जाणवू शकते. म्हणूनच वाहिनी बंद ठेवून पाण्याच्या दाबाने घ्यायच्या चाचण्या उन्हाळ्यातच उरकल्या पाहिजेत. टंचाईची भीती दाखवून जुन्या वाहिन्यांना (१९७० पूर्वीच्या वाहिन्यांना अशी सूट होतीच!) चाचणीतून वगळणे मात्र असमर्थनीय आहे.

– एक वाचक, सॅन होजे, कॅलिफोर्निया