दहा हजार फेऱ्यांना एक कमी

सातारा, २ डिसेंबर

प्रिय बंड्या,

सव्वा वर्ष पत्र नाही, फोन नाही, आणि आता एकदम हे जाडजूड पाकीट. बघूनच म्हणशील, पक्याचं काहीतरी अडलंय. अडलंयच. फोनच करणार होतो, पण तू दुसऱ्या वाक्याला हसायला लागणार आणि माझं सांगायचं राहून जाणार.

इकडे सगळे बरे. आईच्या दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. आता माझ्या शर्टावरचे डाग तिला ओसरीवरून दिसतात. माझी साखर काठावर आहे. झालं.

तर गेल्या शनिवारी रात्री मी आपला यवतेश्वरचा घाट पळालो. अर्ध मॅरेथॉन. २ तास २ मिनिटं २७ सेकंद. परत वाच हवं तर. २०१९ ला तू पुढं पळत, मागं वळून शिव्या घालत मला आणलं होतंस ती वेळ २:०३:५१. त्यापेक्षा ८४ सेकंद कमी, आणि तेही शिव्या घालायला कोणी नसताना.

रात्री दहाला सोडलं. पोवई नाका, राजवाडा, समर्थ मंदिर इथवर गाव जागं होतं. पानटपरीवरचे लोक "अहो, कुत्री मागं लागलीत का?" विचारत होते. घाट लागला आणि दिवे संपले. कपाळावरच्या टॉर्चच्या उजेडात पुढचा चार हात रस्ता, बाकी काळोख. बंड्या, दिवसा तो चढ आधी डोळ्यांना लागतो, मग पायांना. वरचं वळण दिसलं की आपण तिथंच निम्मे मरतो. रात्री वळण दिसतच नाही. पुढच्यांचे टॉर्च तेवढे मुंग्यांच्या रांगेसारखे वर सरकत असतात, आणि ते इतके वर कसे, हा विचार करायचा नाही एवढंच पथ्य. गवताचा ओला वास, बोचरी थंडी, आणि डाव्या मांडीत तो तुझ्या ओळखीचा खिळा. तो आला, राहिला, कंटाळून गेला. उतारावर तर सुटलोच. खाली सगळा सातारा दिव्यांनी भरलेला आणि मी त्यात उडी टाकल्यासारखा. मांड्यांनी त्याचा सूड दुसऱ्या दिवशी घेतला. जिना मी उलटा उतरत होतो आणि आई खालून हसत होती.

मेडल मिळालं, केळं मिळालं, गुळाची ढेप असावी तसा एक लाडू मिळाला. तुझ्या वहिनीनं फोटो टाकला, ऑफिसात पेढे मागितले, मी अर्धा किलो कंदी पेढे वाटले. हे पेढ्यांचं लक्षात ठेव.

घोळ रविवारी दुपारी सुरू झाला. घड्याळातला नकाशा बघत बसलो होतो. अंतर २०.८१ किलोमीटर. अर्ध मॅरेथॉनला हवं होतं २१.०९७५.

आता हसून घे. मी थांबतो.

हसलास? मग ती कोल्हापूरची मिसळ आठव. तुझे दहा किलोमीटर ४९:५८ मध्ये झालेले, आयुष्यात पहिल्यांदा पन्नासच्या आत, आणि तू कट मागवतोयस तिसऱ्यांदा. आणि मी सगळ्यांसमोर मनगट पुढं करून म्हणालो, "माझ्या घड्याळात ९.७८ आहे. रस्ता कमी होता. ही चोरीची वेळ." तू म्हणालास, घड्याळ झाडाखाली आणि इमारतींमध्ये चुकतं. मी म्हणालो, चोराला झाडं दिसतातच. तीन महिने बोलला नाहीस. बरोबरच केलंस. तेव्हा जे सांगितलं नाही ते आता लिहितो: मी त्या दिवशी ५२ मिनिटांत आलो होतो आणि माझ्या पोटात दुखत होतं. रस्त्याची काळजी मला कवडीची नव्हती.

आणि रविवारी दुपारी तुझंच वाक्य मी आरशात स्वतःला ऐकवत होतो. घाटात घड्याळ चुकतं. डोंगराआड उपग्रह दिसत नाहीत, आणि घड्याळ घेतलेले बिंदू सरळ रेषांनी जोडतं, त्यामुळं नागमोडी वळणं कापली जातात आणि अंतर कमी भरतं. हे सगळं खरंच आहे. खरं आहे म्हणूनच तर झोप येईना.

मग आठवली ती शेकोटी. वर जिथून माघारी फिरायचं तिथं एक पोरगा कानटोपी घालून उभा होता, वळल्याची खूण म्हणून रबर बँड वाटत. बंद टपरीच्या आडोशाला शेकोटी पेटवलेली आणि हा अगदी तिला चिकटून. मी बँड घेतला, वळलो, मनात म्हटलं, सुखी माणूस. सोमवारी सकाळी भाच्याला गाडीवर घालून तिथं गेलो. राख होती. आणि टपरीच्या पुढं, बऱ्याच पुढं, रस्त्यावर पांढऱ्या रंगात परतीचा बाण होता.

कळलं ना? पोरगं बाणावर उभं राहायचं ते उबेला उभं राहिलं.

मंगळवारी भाच्याची सायकल घेतली. चाकाला लाल दोरा बांधला, अंगणात टेप पसरून दहा फेऱ्या मोजल्या: २१ मीटर १० सेंटिमीटर. एक फेरी २.११. मग राखेपासून बाणापर्यंत ढकलत नेली. ७४ फेऱ्या. म्हणजे १५६ मीटर, जाऊन-येऊन ३१२. माझ्या वेगानं त्याला ११० सेकंद लागतात. आणि मी कमावलेले ८४. म्हणजे २६ सेकंदांनी मी अजून तुझ्या शिव्यांच्या मागंच आहे, लेका.

आपल्या माणदेशातली ललिता बाबर २०१६ ला रिओत तीन हजार मीटरचे अडथळे ओलांडत अंतिम फेरीत दहावी आली. आणि मी इथं तीनशे मीटरसाठी शेकोटीची राख उकरतोय. हे बायकोला सांगितलं तर ती म्हणते, "तुम्ही पळालात ना? घाम आला ना? मग?" या "मग"ला माझ्याकडे उत्तर नाही. तुझ्याकडे असेल.

पण थांब, अजून आहे. तो बाण कुणाचा? दिवसाच्या मोठ्या शर्यतीचाही असू शकतो, आणि यंदा खाली रस्ता खणलाय म्हणून सुरुवातीची कमान सरकवली होती. मागं सरकवली असेल तर बाणाचा हिशेबच चुकला आणि शेकोटीच बरोबर. संयोजकांना विचारलं, ते म्हणाले, "अंदाजे एकवीस आहे हो." अंदाजे! रस्ता मोजायचा नियम असा की कडेनं, सगळ्यात आखूड वाटेनं मोजायचं आणि वर हजारात एक जादा धरायचं, म्हणजे २१ मीटर फुकट पळावं लागलं तरी चालेल पण कमी भरता कामा नये. इथं कानटोपीवर सगळं. पोराचा राग येत नाही, थंडी होतीच.

अजून कुणाला बोललो नाही. चारशे जणांनी तिथूनच वळसा घेतलाय. निम्म्यांची ती आयुष्यातली चांगली वेळ असेल. त्यांच्या मिसळीत मनगट घालायचं का पुन्हा? मला तर माझे पेढेही परत मागता येत नाहीत.

तुझं काय? इंदुरात थंडी कशी? पोरीची बारावी यंदाच ना? आणि गुडघा? डॉक्टर पळू नको म्हणाले होते, चालायला नाही म्हणाले नव्हते, हे लक्षात ठेवून पुढचं वाच.

पूर्ण रस्ता चाकानं मोजायचा म्हटलं तर ९,९९९ फेऱ्या व्हायला हव्यात. दहा हजाराला एक कमी. मी मोजल्या तर दोन-चारशे जास्त भरतील, माझा स्वतःवर भरवसा नाही. भाचा शंभरानंतर गाणं म्हणायला लागतो. एवढ्या फेऱ्या कडक मोजील, आणि एक कमी भरली तर आनंदानं सांगेल, असा माणूस माझ्या ओळखीत एकच आहे. जानेवारीत ये. सायकल मी ढकलतो, तू नुसता शेजारून चाल आणि मोज. तू म्हणशील ती वेळ. आणि तुझे ४९:५८ मी आजपासून धरतो, मोजमाप न करता.

येताना तुझा तो उभा पंप आण. भाच्याच्या सायकलीतली हवा उतरते, आणि हवा उतरली की चाकाचा घेर बदलतो.

तुझा,
पक्या