पायाचं माप घेणाऱ्या काकांना

इक्विपमेंट रूममधल्या काका,

सप्रेम नमस्कार.

तुम्हाला कुणी 'काका' म्हणतं हे तुम्हाला ठाऊक नसेल, पण आमच्या घरात ऑगस्टपासून तुमचं नाव तेच पडलंय. इंग्रजीत तुमचे आभार मी एकदा मानले होते, स्टेडियमच्या गेटपाशी, घाईघाईत. 'थँक यू सो मच' म्हणून झालं आणि पुढे काही सुचेना. म्हणून आता मराठीत लिहितेय. लेक वाचून दाखवेल. त्याचं मराठी धेडगुजरी आहे, पण वेळ भागेल. अमेरिकेतल्या ज्या मराठी घरांतली पोरं अमेरिकन फुटबॉल या धडकाधडकीच्या खेळापायी वेडी झालीयेत, त्यांच्या आईबापांनीही हे वाचावं असं वाटतं.

तीन वर्षांपूर्वी 'वॉक-ऑन' म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. पोरगा कॉलेजच्या संघात गेला एवढंच कळलं आणि मी पेढे वाटले. मग हळूहळू उमगलं. स्कॉलरशिप नाही, फी आपणच भरायची, पहाटे सहाचा सराव मात्र सगळ्यांसारखाच. 2024च्या हंगामापर्यंत मोठ्या विद्यापीठांना फुटबॉलसाठी 85 स्कॉलरशिप देता यायच्या आणि संघात पोरं असायची शंभरावर. ती वरची सगळी आमच्यासारख्यांची. पुढच्या शनिवारी ज्यांच्याशी सामना, त्यांच्या चाली शिकायच्या आणि आठवडाभर आपल्याच नामवंत खेळाडूंपुढे उभं राहून आपटून घ्यायचं. याला म्हणे स्काउट टीम.

माझे वडील कोल्हापूरचे. त्यांना फोनवर समजावायला लागले तर म्हणाले, "कळलं गं. मोठ्या पैलवानाला मेहनतीला पोरं लागतातच." मग लगेच, "खुराक देतात का पण?" देतात, म्हटलं. 2014च्या ऑगस्टपर्यंत तोही फुकट नव्हता, संघाच्या पंगतीत बसायचं तर वॉक-ऑनने पैसे मोजायचे, हे काही मी त्यांना सांगितलं नाही. वस्तादांना शिव्या घातल्या असत्या त्यांनी.

आधीच्या विद्यापीठाचं नाव मी घेणार नाही. तिथे तो दोन हंगाम होता. लाँग स्नॅपर. म्हणजे ओणवं होऊन दोन पायांमधून चेंडू मागे फेकायचा, पंधरा यार्डांवर उभ्या असलेल्या पंटरच्या, म्हणजे लाथेने चेंडू लांब उडवणाऱ्याच्या, बरोबर हातात. नीट गेला तर कुणाच्या लक्षातही येत नाही, चुकला तर सगळं स्टेडियम बघतं. एकदा त्याने हातमोजे मागितले तर "आधी स्कॉलरशिपवाल्यांचं होऊ दे" असं ऐकून परत आला. त्यानंतर त्याने काही मागायचंच सोडून दिलं. तिथले कोच त्याला 'स्नॅपर' म्हणायचे. मग 2025च्या वसंतात, संघात 105पेक्षा जास्त खेळाडू नकोत असा नियम येणार म्हणून दहा मिनिटांच्या मीटिंगमध्ये त्याला काढलं. नावाने हाक मारली ती त्या दिवशी पहिल्यांदा, तीही यादीवरून वाचून, चुकीची.

हा नियम कॉलेज खेळाडूंच्या एका दाव्यातल्या तडजोडीतून आलेला. जूनमध्ये कोर्टाने तिच्यावर शिक्कामोर्तब केलं, तेव्हा त्यात अशा काढलेल्या पोरांची सोय होती. त्यांना कुठल्याही संघात 105च्या बाहेर धरता येईल, मात्र परत घ्यायची सक्ती कुणावर नाही. आम्ही दोन आठवडे फोनकडे बघत होतो. फोन आला तो तुमच्याकडून. कसा, कुणामार्फत, ते जाऊ दे.

आता मुद्द्याचं. तुमच्याकडे आला तेव्हा शिल्लक बुटांतून त्याला एक जोड मिळाला, बारा नंबरचा. त्याचा पाय तेराचा, आणि वर रुंद. हे आमच्या घराण्याचे फताडे पाय. माझ्या वडिलांना दुकानातली चप्पल कधी झाली नाही. चांभार कागदावर त्यांचा पाय ठेवून पेन्सिलीने भोवती रेघ मारायचा आणि त्या मापाची कोल्हापुरी करून द्यायचा. नातवाने वारसा घेतला तो हाच. नऊ दिवस त्याने ते बूट घालून सराव केला. अंगठ्याचं नख काळं पडलं. बोलला नाही. 'आई, इथे सगळं मस्त आहे,' असं मला रोज रात्री सांगत होता, गाढव.

दहाव्या दिवशी तो तुमच्या खिडकीसमोरून गेला आणि तुम्ही त्याला थांबवलंत. काही मागायला नव्हता आला तो. तुम्हाला त्याची चाल दिसली. बाकावर बसवलंत, बूट काढायला लावलात, आणि ते लोखंडी माप घेऊन स्वतः खाली गुडघ्यांवर बसलात. त्याचा घामेजलेला, मळका पाय हातात घेऊन मापावर ठेवलात. एक झाला, मग दुसरा. दोन पाय सारखे नसतात म्हणालात. त्याने पाय मागे ओढला, कारण आमच्याकडे वडीलधाऱ्या माणसाने पोराच्या पायाशी बसणं बरं दिसत नाही. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "हलू नकोस."

त्या रात्री त्याचा फोन आला तो वेगळाच. "आई, त्यांनी माझा पाय हातात घेतला गं." एवढंच. मग बराच वेळ कुणीच बोललं नाही. नवीन बुटांचं त्याने दुसऱ्या दिवशी सांगितलं.

मी या गोष्टीचा फार विचार केला. दरवर्षी ते व्हिडिओ येतात ना, भर मीटिंगमध्ये कोच एखाद्या वॉक-ऑनला स्कॉलरशिप जाहीर करतात, पोरं त्याला उचलून घेतात. मीही रडते ते बघून. पण माझी नजर आता मागच्या रांगेकडे जाते. तिथली टाळ्या वाजवणारी पोरं पण वॉक-ऑनच आहेत, त्यांचा व्हिडिओ निघत नाही. नातेवाइकांना बेकर मेफील्ड हा खेळाडू माहीत आहे. दोन विद्यापीठांत वॉक-ऑन म्हणून गेला आणि 2017ची हाइझमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, घेऊन बसला. "तुमच्याही पोराचं होईल तसं," म्हणतात. मला आठवतो तो ब्रँडन बर्ल्सवर्थ, आर्कान्सॉचा, जाड काळ्या फ्रेमच्या चष्म्याचा. वॉक-ऑन म्हणून आला, ऑल-अमेरिकन म्हणजे देशातल्या निवडक खेळाडूंपैकी एक झाला, 1999मध्ये एनएफएलच्या, म्हणजे व्यावसायिक लीगच्या, संघाने निवडला आणि अकरा दिवसांत अपघातात गेला. वॉक-ऑन म्हणून सुरुवात केलेल्यांतल्या सर्वोत्तम खेळाडूला त्याच्या नावाची ट्रॉफी देतात. त्याच्या आईचा विचार मनात येतो आणि मेफील्ड-बिफील्ड सगळं विसरायला होतं.

आमचा अजून एकाही सामन्यात उतरलेला नाही. पुण्याचे दीर दर रविवारी विचारतात, "खेळला का?" मी सांगते, बूट छान बसतात. त्यांना वाटतं मी विषय बदलतेय.

बेसनाचे लाडू पाठवलेत, बत्तीस आहेत. त्यात काजू आणि साजूक तूप आहे, कुणाला काजू चालत नसतील तर आधी विचारून घ्या. डबा स्टीलचा आहे, मायक्रोवेव्हमध्ये घालू नका. आणि सगळे लेकाच्या हाती देऊ नका, तो वाटेतच संपवेल.

तुमची,
लाँग स्नॅपरची आई